सासूचं माहेर

ज्या वर्षी अंकुशची सुपारी फुटली आणि पंधरा दिवसांत लग्न मोडलं, ते साल १९९६. मुलीकडची माणसं कळंबोलीला घर बघायला आली होती. अंकुशची आत्या बायजाबाई मुद्दाम उरणहून आलेली, पाहुण्यांच्या शेजारी बशीतला चहा फुंकत बसली होती. बोलता बोलता म्हणाली, "ह्याच्या आधीचे दोन पोर पिवले पडून गेले. आयशीच्या माहेरचं रगतच तसं हाय." पाहुणे हसतमुखाने उठले आणि चार दिवसांनी नको म्हणून निरोप आला.

अंकुशची आई जाईबाई हे तीस वर्षं ऐकत आली होती. तिचे थोरले दोन मुलगे हातपाय दुखतात म्हणून कळवळत. डोळे हळदीसारखे होत. एक पाचव्या वर्षी गेला, दुसरा सातव्या. नवरा सिताराम होता तोवर बहिणीला दटावत असे. तो गेल्यावर बायजाबाईच्या जिभेला लगाम राहिला नाही.

आणि घरात लेक हाडं वाचणारी! राजश्री शिष्यवृत्तीवर विलायतेला गेली होती. जुन्या दफनभूमीतले सांगाडे टेबलावर मांडून कोण कशाने मेलं ते ती शिकत होती. जाईबाईला त्याचाच राग येई. हजार वर्षांपूर्वीच्या गोऱ्यांची दुखणी हिला कळतात, सख्ख्या भावांची कळत नाहीत. भावांना पुरलं ती खाडीकडची जागा भरावाखाली गेली. आता तिथे लोखंडाचे ट्रक उभे राहतात.

पंचावन्नाव्या वर्षी साक्षरता वर्गात शिकलेली अक्षरं जुळवून तिने लेकीला लिहिलं: वाईट रक्त कोणाचं, ते सांग.

उत्तरात आला छापील कागद. नुसत्या चौकटी. घराण्यातलं प्रत्येक माणूस, त्याचं गाव, आजार, मरतानाचं वय. जाईबाईने आठ दिवस खपून तो भरला. वय कोणाला ठाऊक? "लढाईच्या साली", "अंकुश पोटात असताना", असं लिहून तिने कागद धाडला.

महिन्याने पत्र आलं. हा आजार आई आणि बाप दोघांकडून आला तरच मुलाला होतो, राजश्रीने लिहिलं होतं. पण बाबांच्या बाजूला तो कुठून आला, ते तुझ्या कागदावरून कळत नाही.

जाईबाईने ते बायजाबाईला वाचून दाखवलं. तिला हसू आलं.

"म्हंजे कागद पन तुझ्याकडंच बोट दावतो," ती म्हणाली. "एवढी शिकली पोर, आनि सांगितलं ते मी सांगत व्हते तेच."

जाईबाईचा संताप संताप झाला. कागदावर, लेकीवर, स्वतःच्या वाकड्या अक्षरांवर. घरी येऊन तिने पत्र पुन्हा काढलं. शेवटी बारीक अक्षरात एक ओळ होती, ती मघाशी घाईत राहिली होती: आजीच्या, म्हणजे बाबांच्या आईच्या, चौकटीत माहेर म्हणून तू आपलंच गाव लिहिलंस, ते बरोबर आहे का?

बरोबर म्हणजे काय? लग्न झालेली बाई सासरची, तेच तिचं गाव. जाईबाईने तसंच लिहिलं होतं.

मग तिच्या ध्यानात आलं. सासू तिची सख्खी आत्या होती. भाचीला सून करून आणायला ती स्वतः माहेरी गेली होती. दोघी एकाच उंबऱ्यावरून आलेल्या. जाईबाईचं रक्त वाईट असेल, तर तेच सितारामच्या अंगात होतं. बायजाबाईच्याही.

तीस वर्षांत हे कोणाच्या डोक्यात आलं नाही, तिच्या स्वतःच्याही नाही.

अंकुश म्हणाला, "आये, उरणला चल ना आत्ताच. तोंडावर सांग तिच्या."

"माझ्या तोंडचं ती ऐकायची नाय," जाईबाई म्हणाली. "कागदावर येऊ दे. छापील."

तिने राजश्रीला सासूचं खरं माहेर कळवलं आणि वाट बघत बसली. पोस्टमन दिसला की दारात जाई. अडीच महिने गेले. राजश्रीची परीक्षा होती.

शेवटी ५ मार्चला पाकीट आलं. घराण्याचा सुबक नकाशा, रेघा ओढलेल्या, आणि सासू व जाईबाई एकाच फांदीवर. अंकुशला घेऊन ती त्याच दुपारी उरणला निघाली. गावाच्या तोंडाशी भेटलेल्या बाईने विचारलं, निरोप इतका उशिरा पोचला का?

बायजाबाई २ मार्च १९९७ रोजी, रविवारी सकाळी वारली होती.