पाना न लागलेले बोल्ट

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला आपली गाडी मूळची निघायला हवी असते. इंजिन कारखान्यातून आलं तेच, गिअरबॉक्स बसवला होता तोच, असा माझ्या सहीचा दाखला मिळाला की जुन्या गाड्यांचे शौकीन डोळे मिटून गाडी उचलतात, आणि म्हणूनच भलत्याच गाडीला मूळची ठरवण्यासाठी लोक ज्या लटपटी करतात त्या पाहण्यात माझी उमर गेली. घासून नव्याने ठोकलेले नंबर, मुद्दाम गंजवलेले नवे भाग, गाडीखाली शिरायच्या आत जेवायचा आग्रह करणारे मालक, सगळं पाहून झालं. मी कुणावर चटकन विश्वास ठेवत नाही. माझी बायको आशा म्हणते, तुम्हाला देव भेटला तरी तुम्ही आधी त्याला वाकायला लावून नंबर बघाल. पण गाडी मूळची निघू नये म्हणून हात जोडणारी बाई मला उभ्या आयुष्यात एकच भेटली.

तिचं नाव सुगंधा महाडिक. जवळच्या मुर्धा गावात ती बालवाडी चालवायची. त्र्याण्णव सालच्या गणपतीनंतर एका दुपारी ती आमच्या केबिन रोडच्या घरी आली आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसली. आशाने दिलेला पाण्याचा पेला घ्यायला तिने उजवा हात पुढे केला, तेव्हा मनगटापासून कोपरापर्यंतची गुलाबी, सुरकुतलेली कातडी दिसली. माझी नजर तिथे गेलेली तिच्या लक्षात आली.

"रेडिएटरचं झाकण," ती म्हणाली. "घोडबंदरच्या चढावर गाडी तापलेली. हे नको नको म्हणत होते, मीच उघडलं." आणि ती हसली. त्या दुपारी ती हसली ती तेवढीच.

तिचा नवरा बबन गिरगावातल्या एका डॉक्टरांकडे ड्रायव्हर होता. डॉक्टर गेल्यावर त्यांच्या बाईंनी एक्कावन्न सालची मॉरिस त्यालाच देऊन टाकली, आणि त्याने ती मुर्ध्याला आणून स्वतःच्या हातांनी चालती ठेवली. हात गुणाचे होते, पण डोकं तापट आणि जोडीला दारू. लग्नानंतर काही वर्षांनी एका मोठ्या भांडणानंतर तो गाडी घेऊन गेला तो परत आलाच नाही. सुगंधाने बालवाडीवर दिवस काढले. आणि मागच्या दसऱ्याच्या सुमारास, सगळ्यांनी त्याची वाट पाहणं सोडलेलं असताना, तो त्याच गाडीतून दारात उतरला. सुरतेकडे एका गॅरेजात होतो म्हणाला. दारू सुटलेली, आवाज चढत नव्हता, घरातलं मोडकंतोडकं सगळं त्याने दुरुस्त केलं. आळीतल्या बायका म्हणायच्या, सुगंधा, तुझं नशीब उघडलं गं.

"मग बिघडलं कुठे?" मी विचारलं.

"डाव्या अंगठ्याचं नख," ती म्हणाली. "गाडीचा गिअरबॉक्स फुटला तेव्हा ह्यांनी तो आमच्या अंगणातच उतरवला. मी जॅक धरून बसलेले. जॅक सटकला आणि गिअरबॉक्स ह्यांच्या अंगठ्यावर आला. नख गेलं ते गेलंच, तिथे नुसती गाठ राहिली होती. आता नख आहे."

"नखं येतात हो परत," आशा म्हणाली.

"सगळे तेच म्हणतात, वहिनी. मी ह्यांना विचारलं, तर म्हणाले, असं काही झालंच नव्हतं, गिअरबॉक्स आपण कधी उतरवलाच नाही." ती माझ्याकडे वळली. "साहेब, तेव्हा कुर्ल्याच्या भंगारातून दुसरा आणून बसवला होता. गाडीला तो दुसराच असला तर माझ्या डोक्यात खूळ भरलंय असं समजेन आणि गप संसार करेन. मला तेच हवंय. पण मूळचा निघाला तर मी त्या घरात राहायची नाही. चिपळूणला बहीण आहे माझी. तुम्ही फक्त मला सांगा. त्यांना नको."

खरं सांगायचं तर माझा पहिला संशय तिच्यावरच गेला. एकटीने राहायची सवय झालेल्या बाईला परत आलेला नवरा जड होत असेल, आणि घर सोडायला एखादं निमित्त लागत असेल, असं मी आशाला म्हणालो. आशा माझ्यावर उखडली. ती खुर्चीच्या कडेला कशी बसली होती ते दिसलं नाही का तुम्हाला, असं तिने मला सुनावलं.

मी मुर्ध्याला गेलो तो सकाळी उन्हं वर आल्यावर. मिठागरांच्या बांधांपलीकडे नव्या इमारतींचे सांगाडे उभे राहत होते आणि सगळीकडे खाडीचा खारट वास होता. एक गिऱ्हाईक गाडी बघायला माणूस पाठवतंय, असं सुगंधाने घरी सांगून ठेवलेलं. बबन पत्र्याच्या शेडखाली गाडी पुसत होता. पन्नाशीचा, काटक, शांत माणूस. गाडी विकायचा त्याचा विचार नव्हता, तरी तो बाजूला झाला.

"बघा ना साहेब, बिनधास्त बघा," तो म्हणाला. "लपवण्यासारखं काय हाय तिच्यात?"

हे वाक्य ऐकलं की माझे कान टवकारतात. मी बॉनेट उघडलं. इंजिनावरचा नंबर पुसून त्यावर कागद धरला आणि शिसपेन्सिल आडवी फिरवली. आमच्याकडे नंबराचा ठसा असाच घेतात. डोळ्याला जे दिसत नाही ते शिशाखाली उमटतं. घासलेल्या पत्र्यावर जुन्या आकड्यांची भुतं उठतात, हलक्या हाताने ठोकलेले आकडे फिके येतात. इथे तसलं काही नव्हतं. इंजिन कारखान्यातलंच होतं आणि पाटीवरच्या नंबराशी जुळत होतं. त्याबद्दल सुगंधाचीही तक्रार नव्हती.

मग मी सतरंजी अंथरून गाडीखाली शिरलो. गिअरबॉक्सच्या अंगावरचा नंबर पुसताना मी मनातल्या मनात भंगाराच्या नंबराची वाट पाहत होतो, कारण बाई सुखी व्हावी असं मलाही वाटत होतं. ठसा घेतला. नंबर इंजिनाच्या जोडीचाच होता, आणि त्यातला सातचा आकडा ठोकणाऱ्याचा हात किंचित हलल्यामुळे बाकीच्यांपेक्षा खाली उतरलेला होता. एवढ्यावर मी फसत नाही. फुटलेल्या गिअरबॉक्सचा नंबर दुसऱ्यावर ठोकणं हा या धंद्यातला सगळ्यात जुना खेळ आहे. म्हणून मी टॉर्च लावून बोल्टांकडे पाहिलं.

त्या बोल्टांना कधी पानाच लागला नव्हता. त्यांचे कोपरे धारदार होते, आणि कारखान्यात मारलेला रंग बोल्टाच्या डोक्यावरून खालच्या लोखंडावर सलग उतरलेला होता, कुठे तडादेखील नाही. आता गाडी चालली म्हणजे क्लच झिजणार, आणि क्लच बदलायचा तर गिअरबॉक्स खाली उतरवावाच लागतो. ज्या गाडीचा गिअरबॉक्स कधी उतरला नाही ती गाडी चाललेली नसते, कुठल्या तरी बंगल्यात झाकून ठेवलेली असते. पण या मॉरिसच्या पेडलांवरचं रबर झिजून आतलं लोखंड चकाकत होतं, आणि सीटवर डॉक्टरांच्या आणि बबनच्या बसण्याने पडलेला खळगा होता. ती धो धो चाललेली गाडी होती.

"बबनराव, क्लच प्लेट कधी बदलली?" मी खालूनच विचारलं.

"गरजच पडली नाही, साहेब."

कुठलाही ड्रायव्हर असं म्हणणार नाही. क्लच कधी टाकला आणि तेव्हा किती गैरसोय झाली, हे तो लेकराच्या आजारपणासारखं लक्षात ठेवतो. मी पडल्या पडल्या त्याचे पाय पाहिले. ते जागचे हलले नव्हते.

बाहेर आल्यावर हात धुवायच्या निमित्ताने सुगंधाने मला मागच्या अंगणात नेलं. मोरीशेजारी अबोली लावलेली होती, आणि ती ज्यात लावली होती ते भांडं पाहून मी साबण हातात घेऊन उभाच राहिलो. तो गिअरबॉक्स होता. कूस फाटलेला, वरून उघडा, मातीने भरलेला.

"टाकवला नाही," ती म्हणाली. "ह्यांचं नख गेलं त्याच्यापायी."

मी उकिडवा बसलो, त्याच्यावरची माती खरवडली, कागद धरला आणि पेन्सिल फिरवली. आकडे एकेक करून वर आले. सातचा आकडा खाली उतरलेला होता. दोन्ही कागद एकावर एक ठेवून मी उन्हात धरले, तर कुठेच दुहेरी रेघ दिसेना. भिंग काढून पाहिलं. नंबर नक्कल करणाऱ्याला आकडे जमतात, पण हाताचा तोच झटका परत जमत नाही. अंगणातला गिअरबॉक्स अस्सल होता. गाडीखालचाही अस्सल होता. माझं ज्ञान तिथे संपलं, आणि मला तिथून निघून जावंसं वाटलं.

सुगंधा माझ्या तोंडाकडे बघत होती. खोटं बोलणं सोपं होतं. बदललेला आहे, वेड्यासारखं करू नका, एवढं म्हटलं असतं तर ती त्या दिवशी शांत झोपली असती. पण नख नसलेल्या अंगठ्याच्या माणसाबरोबर तिने संसार केला होता, आणि आता घरात कोण आहे हे मला माहीत नव्हतं.

"मूळचाच आहे," मी म्हणालो. "कधीच उतरवलेला नाही."

ती रडली नाही. तिने बराच वेळ अबोलीच्या पानांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "म्हणजे मी वेडी नाही."

"आत्ताच चला माझ्याबरोबर. आशा आहे घरी."

"आत्ता निघाले तर त्यांना कळेल. रविवारी बालवाडी बंद असते. बहिणीकडे जाते सांगून निघेन. पोचले की पत्र टाकते."

बबन मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. गाडीचं काय, असं त्याने विचारलंच नाही. त्याची नजर माझ्या डाव्या हातावर होती; पहिल्या बोटाचं टोक माझ्या उमेदवारीच्या काळात गेलेलं आहे.

"फॅनबेल्ट?" त्याने विचारलं.

"हो."

"दाखवा." त्याने ते बोट आपल्या हातात घेतलं आणि एखादा भाग चाचपून पाहावा तसं हलकेच चाचपलं. त्याच्या अंगठ्याचं नख गुळगुळीत होतं, तान्ह्या मुलाचं असतं तसं. मग हात सोडून तो घराकडे पाहत म्हणाला, "आमची सुगंधा पण झिजली हो फार, माझ्यामागं. आता तिच्याकडं बघायला हवं." त्याचा स्वर इतका मायेचा होता की क्षणभर मला माझीच लाज वाटली.

पत्र आलं नाही. दोन रविवार उलटल्यावर आशाने धोशाच लावला म्हणून मी मुर्ध्याला गेलो. घराला कुलूप होतं. शेजारची विमलाबाई सुकत घातलेली मासळी उलटत होती. "दोघं बी गाडीनं गेलीत," ती म्हणाली. "खुशीत व्हती. यायची हायेत की दिवाळीला." मी मागच्या अंगणात डोकावलो. फुटका गिअरबॉक्स तिथे नव्हता, अबोली नुसती जमिनीत लावलेली होती.

चिपळूणच्या बहिणीचा पत्ता माझ्याकडे नव्हता. पोलिसांकडे जाऊन काय सांगणार, की एका बाईच्या गाडीचा गिअरबॉक्स मूळचा निघाला? मी गप्प राहिलो आणि मनात म्हणालो, पोचली असेल.

दिवाळीच्या तोंडावर आशा आणि मी केबिन रोडवर कंदील घ्यायला गेलो होतो. बांगड्यांच्या दुकानासमोर ती मॉरिस उभी होती, पुसून लखलखीत केलेली, आणि दुकानाच्या पायरीवर सुगंधा उभी होती. मला इतका आनंद झाला की मी गर्दीतून आशाला ओढतच तिच्यापर्यंत नेलं. ती आमच्याकडे पाहून ओळख नसलेल्या माणसाला हसतात तसं हसली.

"मी प्रधान," मी म्हणालो. "गाडी बघायला आलो होतो तुमच्याकडे. गिअरबॉक्स."

"अच्छा, अच्छा," ती म्हणाली. "आमची गाडी ना? एक भाग बदललेला नाही तिचा. ह्यांना विचारा हवं तर."

बांगडीवाल्याने हात मागितला. तिने चोळीची बाही सारून उजवा हात पुढे केला, आणि हिरव्या बांगड्या मनगटावरून एकेक करत वर सरकल्या. आशाने माझा दंड घट्ट धरला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सरळ, सावळी आणि नितळ होती, कुठे साधा डागदेखील नव्हता.

मी कंदिलाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली, तेव्हा सुगंधाला माझं बोट दिसलं. तिचा चेहरा कळवळला. बांगड्या भरलेल्या हाताने तिने ते बोट धरलं. तिचा हात अगदी थंड होता.

"अगंबाई, हे काय झालं?" ती म्हणाली. "आमच्या ह्यांना दाखवा ना एकदा. फार वेळ नाही लागत."

तिच्यामागे बबनने गाडीचं मागचं दार आमच्यासाठी उघडं धरलं होतं.