दाराआडचं टमरेल

मी टमरेल बोलतेय. नाक मुरडू नका. तुमच्याही घरात मी आहे, फक्त तुम्ही मला 'मग' म्हणता आणि पाहुणे यायच्या आधी उचलून कुठंतरी दडवता. बायकांच्या हातात दिवस गेले म्हणून मी बाईसारखी बोलते. आणि जे सांगणार आहे ते लाजेचं आहे, तेव्हा गोड लागणार नाही.

हडपसरच्या पलीकडं एका पत्र्याच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. तुटक्या खुर्च्या आणि फुटक्या बादल्या दळून, वितळवून मला केलं. रंग लाल. साच्यातून निघाले तेव्हा कानापाशी प्लास्टिकचं एक टोक राहिलं, ते कापायला कुणी थांबलं नाही. ते अजून आहे.

फलटणच्या आठवडे बाजारात मी ढिगात पडले होते. सुरेखाबाईंनी मला उचललं, उन्हात धरून तळ बघितला, बोटानं वाजवलं.

"मजबूत हाय का? आयर्लंडला न्यायचंय."

"आयर्लंडला टमरेल मिळत न्हाई व्हय, मावशी?" विकणारा हसला.

"मिळत असतं तर तुझ्या तोंडाकडं बघायला आले असते का?"

ही अशी बाई. वय सत्तावन्न, शाळा चौथीपर्यंत. नवऱ्यामागं दोन एकर बागायत एकटीनं राखली. कालव्याच्या पाण्याची पाळी आली की खोरं घेऊन पाटावर उभी राहायची, आणि कुणी मध्येच पाणी वळवलं तर त्याच्या खानदानाचा उद्धार करायची. एकुलती एक लेक गिरिजा. तिला शिकवली, ती पुण्याला गेली, तिथून आयर्लंडातल्या कॉर्कला. आता कॉर्कजवळ रिंगास्किडीच्या एका औषधाच्या कारखान्यात गोळ्या तपासते. जावई हरीश घरात बसून कॉम्प्युटरवर काम करतो. नात रेवा अकरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत, तेही तिथल्या मातीतल्या इंग्रजीत.

माझ्या पोटात मेतकुटाची पिशवी कोंबून सुरेखाबाईंनी मला विमानात घातलं. लेकीच्या घरी त्यांची ही दुसरी खेप होती.

कॉर्कच्या घरात मला खालच्या बाथरूममध्ये जागा मिळाली, कमोडशेजारी, फरशीवर. माझ्या डोक्यावर टिश्यूचा रोल टांगलेला. मान त्याचा, काम माझं. घरातले चौघंही मला वापरत. गिरिजासुद्धा, रोज. हे ध्यानात ठेवा.

फक्त पाहुणे येणार असले की गिरिजा मला बेसिनखालच्या कपाटात, ब्लीचच्या बाटलीमागं ढकलायची. तिथं कपाटाला 'प्रेस' म्हणतात. त्या प्रेसमध्ये मी रेवाच्या वाढदिवसाची पार्टी काढली, सत्यनारायण काढला. मला वाईट वाटायचं नाही. सगळ्या टमरेलांचं असंच असतं, असं मी म्हणायची.

सप्टेंबरात सहलीचं ठरू लागलं. गिरिजाच्या लॅबमधली मैत्रीण शिव्हॉन, तिची मुलगी ईफा रेवाच्या वर्गात. ऑक्टोबरच्या सुट्टीत दोन्ही घरांनी मिळून चार दिवस बेल्जियममधल्या ब्रूजला जायचं. हरीशनं सासूला व्हिडिओ दाखवला. जुनी विटांची घरं, आणि घरांच्या उंबऱ्याला लागून कालवे.

"ह्या पाटाला पाळी कवा असती?" सुरेखाबाईंनी विचारलं.

"पाळी नाही आई. बारा महिने असतं पाणी."

त्यांनी तो व्हिडिओ तीनदा बघितला. "दारात पाट, आन भांडण न्हाई," त्या म्हणाल्या. "मला हे गाव बघायचंय."

आयर्लंडचा ये-जा करायचा आणि बाकी युरोपचा, असे दोन्ही व्हिसे त्यांनी निघतानाच मुंबईहून काढलेले होते, कुठं फिरणं झालंच तर असावेत म्हणून, तेव्हा अडचण कसलीच नव्हती. दुसऱ्या दिवसापासून त्या रेवाचे जुने बूट घालून, साडी जरा वर खोचून, घरासमोरचा चढ चढू लागल्या. रोज दोन फेऱ्या. तिथं दगडी रस्ते आहेत, पाय तयार पाहिजेत म्हणायच्या. घामेजून आत आल्या की पाय माझ्याच पाण्यानं धुवायच्या आणि पोटऱ्या दाबून बघायच्या.

मग एका शनिवारी शिव्हॉन न सांगता आली. रेवानं दार उघडलं. मला लपवायला वेळच मिळाला नाही. शिव्हॉन बाथरूममधून बाहेर गेली आणि तिचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला.

"तो छोटा लाल जग कशासाठी आहे गं?"

"झाडांना पाणी घालायला," गिरिजा म्हणाली.

बाथरूममध्ये झाड नव्हतं. दुसऱ्या दिवशी आलं. कुंडीतलं नेचं, खिडकीत ठेवलं.

"संडासात झाड कशाला गं?" सुरेखाबाईंनी विचारलं.

"छान दिसतं, आई."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. एका टमरेलासाठी जी बाई अख्खं झाड विकत आणते, ती पुढं कुठवर जाईल?

ब्रूजमधलं भाड्याचं घर ठरलं. कालव्यावर, तीन खोल्या, पण बाथरूम एकच. त्या दिवशी माझ्यावरून मायलेकींचं वाजलं. दोघी बाथरूमच्या दारात उभ्या होत्या.

"आई, तिकडे हे न्यायचं नाही. चार दिवस वाइप्स वापर."

"म्हंजे पुसायचं."

"सगळं जग पुसतं."

"जगाला पुसू दे. तू पुसतीस का?"

गिरिजानं टिश्यूचा रोल सरळ केला.

"बरं, बाटली ने मग," ती म्हणाली.

"बाटलीचं तोंड एवढुसं. आन मला एक सांग गिरजे, त्या बाईच्या घरनं आपण काय चोरून आणलंय व्हय? धुतोच की. घाण तर करत न्हाई?"

"तुला नाही कळणार, आई."

"न्हाईच कळत. चौथी शिकलेय."

त्यानंतर दोन दिवसांनी गिरिजा आत आली, कडी लावली, टबच्या काठावर बसली आणि फोन लावला. लोक खरं बोलायला देवघरात जात असतील, खोटं बोलायला मात्र बाथरूममध्येच येतात. मी बघितलंय.

"शिव्हॉन, अगं आईचं रद्द झालं. तिचे गुडघे फार दुखतात. ते दगडी रस्ते तिला नाही झेपायचे. तीच नको म्हणतेय."

"अरेरे, बिचारी," पलीकडून आवाज आला.

फोन ठेवून गिरिजा उठली. मग तिनं मला उचललं आणि ब्लीचमागं ठेवलं. त्या दिवशी पाहुणे कुणीच येणार नव्हते.

संध्याकाळी तिनं आईला सांगितलं, "तुझ्या व्हिसाचं काहीतरी अडलंय. आयर्लंडबाहेर गेलीस तर परत येता येणार नाही."

"मुंबईला दहा बोटांचे ठसे दिलेवते की," सुरेखाबाई म्हणाल्या.

"पण दोन्ही व्हिसे तर..." हरीशनं तोंड उघडलं.

"मी बघितलंय ना, हरीश."

त्यानं मान खाली घालून मोबाईल काढला. त्याला कळलं होतं. ज्याला कळतं आणि जो मोबाईल काढतो, त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

पाटावर पुरुषांना दबकावणारी बाई सरकारी कागदापुढं मात्र गप्प बसते. सुरेखाबाई वाद घालायला गेल्याच नाहीत. "ऱ्हाईन घरी चार दिवस. मला काय वाघ खातोय?" एवढंच म्हणाल्या. रेवाचे बूट घासून, पुसून दाराशी ठेवले. चढ चढणं बंद झालं.

मी लाजले. बाईनं मला मेतकुटासकट सातासमुद्रापलीकडं आणलं, आणि माझ्यापायी तिचं जाणं बुडलं. टमरेलाला तोंड असतं, पण बोलायला नसतं.

बोलली ती रेवा. त्या फोनच्या वेळी ती दाराबाहेर उभी होती. चार दिवस तिनं पोटात ठेवलं. पाचव्या दिवशी आजी मला राखेनं घासावं तसं साबणानं घासत होती, तेव्हा ती आत आली.

"आजी, युअर व्हिसा इज ग्रँड." तिथं ठीक असलं की 'ग्रँड' म्हणतात.

"मराठीत बोल बये."

रेवाला शब्द जमवावे लागले. "व्हिसा आहे. मम्मा खोटं बोलली. तिनं शिव्हॉनला सांगितलं, आजीचे गुडघे तुटले."

"गुडघे? माझे? का?"

रेवानं माझ्याकडं बोट केलं.

सुरेखाबाई मला मांडीवर घेऊन टबच्या काठावर बसल्या, जिथं लेक बसली होती तिथंच. रागावतील असं मला वाटलं. पण त्यांना पुण्याचं होस्टेल आठवत होतं. वीस वर्षांपूर्वी नऊवारीत, डोक्यावर चिवड्याचा डबा घेऊन त्या गिरिजाला भेटायला गेल्या होत्या. गिरिजा पळत फाटकाशी आली, डबा घेतला, फाटकाशीच बोलली आणि फाटकावरूनच त्यांना लावून दिलं. अभ्यास असेल, असं त्यांनी एसटीत स्वतःला सांगितलं होतं. वीस वर्षं तेच सांगत आल्या होत्या.

"गुडघ्याला तुमच्यात काय म्हणत्यात गं?" त्यांनी रेवाला विचारलं.

"नीज."

"नीज," त्यांनी घोकलं.

रविवारी शिव्हॉन आणि ईफा ब्रूजच्या होडीची तिकिटं ठरवायला आल्या. हरीश दुकानात गेला होता, बाकी सगळे स्वयंपाकघरात टेबलाभोवती बसलेले. सुरेखाबाई प्रेसमधून मला काढून, हातात धरून, सरळ त्या स्वयंपाकघरात गेल्या. टेबलावर नाही ठेवलं, तेवढं त्यांना कळतं. भिंतीशी खाली ठेवलं. मग शिव्हॉनसमोर उभ्या राहून पदर खोचला, दोन्ही गुडघ्यांवर थापा मारल्या आणि म्हणाल्या, "नीज."

आणि त्यांनी उठाबशा काढायला सुरुवात केली.

पोरींना गंमत वाटली. ईफा शाळेत शिकलेल्या आयरिशमध्ये मोजू लागली, "अ हेन, अ दो, अ त्री..." रेवानं सूर धरला. दहा झाल्या. पंधरा झाल्या. सुरेखाबाईंचा श्वास वर लागला, अंबाडा सुटला, तरी त्या गिरिजाकडं एकदाही बघेनात. वीस झाल्यावर थांबल्या.

शिव्हॉननं टाळ्या वाजवल्या. "माझ्याच्यानं पाच व्हायच्या नाहीत. हिचे गुडघे तर एकदम ग्रँड आहेत." मग तिनं गिरिजाकडं बघितलं आणि टाळ्या थांबल्या.

आमच्याकडं उठाबशा चुकलेल्याला काढायला लावतात. इथं चुकली एक आणि काढल्या दुसरीनं. हे त्या खोलीत दोघींनाच कळत होतं. तिसरी मी.

गिरिजा इंग्रजीत बोलू लागली, खाली बघून, हळू.

"काय म्हणती?" सुरेखाबाईंनी नातीला विचारलं.

"आजी, ती म्हणते, गुडघ्याचं खोटं होतं. तिला लाज वाटली." रेवा भिंतीकडं वळली. "ती सांगतेय हे कशासाठी असतं ते. झाडांना नाही, ते पण सांगितलं."

"लाज टमरेलाची, का माझी? विचार तिला."

विचारायची गरज नव्हती. गिरिजाला मराठी येत होतं. "माहीत नाही, आई," ती म्हणाली.

शिव्हॉन माझ्याकडं बघत म्हणाली, "आमची नॅन, म्हणजे आजी, पलंगाखाली भांडं ठेवायची. रात्रीचं बाहेर जायला नको म्हणून. घरी चर्चचे फादर यायचे असले की माझी आई ते भांडं धावत नेऊन कोळशाच्या शेडमध्ये लपवायची."

रेवानं ते आजीला सांगितलं. सुरेखाबाईंनी पदरानं घाम पुसला.

"हिला विचार, फकस्त भांडंच लपवायची, का आजीला पण?"

रेवानं विचारलं. "भांडंच," शिव्हॉन म्हणाली. "नॅन फादरच्या शेजारच्या खुर्चीत बसायची. चांगल्या खुर्चीत."

रेवाला ह्याचं मराठी करावं लागलं नाही. आजीला तिच्या तोंडाकडं बघूनच कळलं. गिरिजा उठली, खुर्ची मागं पडली ती तिनं उचललीही नाही, आणि बाथरूममध्ये जाऊन कडी लावली. या वेळी आत मी नव्हते. नेचं होतं फक्त. आत काय झालं ते मला सांगता येत नाही. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. तिनं लॅपटॉप पुढं ओढला आणि आईचं तिकीट काढलं. सुरेखाबाई हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी बूट नव्हते, एवढंच मला माहीत.

आता मी ब्रूजमधून बोलतेय. बॅग भरताना सुरेखाबाईंनी मला बाहेर काढून ठेवलं होतं, "चार दिवस बाटलीनं भागवीन" म्हणाल्या. गिरिजानं मला स्वतःच्या बॅगेत घातलं. दोघींचं फार बोलणं अजून सुरूच झालेलं नाही. आई लेकीला हाक मारते ती रेवाकरवी.

या घराच्या बाथरूममध्ये काचेची मोठी खिडकी आहे. सकाळी गिरिजा मला सगळ्यांसमोर त्या खिडकीत ठेवते. मग जिन्यात शिव्हॉनची पावलं वाजतात, आणि गिरिजाचा हात आपोआप पुढं येतो, मला उचलतो, दाराआड खाली ठेवतो. हाताला वळण पडलंय. पावलं निघून जातात. ती तिथंच उभी राहते, मला परत उचलते, खिडकीत ठेवते. काल चार वेळा असं झालं. आज दोनदा.

गिरिजा, मी साधं प्लास्टिक आहे. दाराआड राहायला माझी ना नाही, तिथंच माझा जन्म जायचा. पण खाली तुझी आई दारातल्या पायरीवर एकटी बसलीय, आणि शेजारची पायरी मोकळी आहे. मला असू दे कुठंही. तू खाली जा.