ओळखीपुरता परवाना

हेडसाहेबांच्या घरात गाडी एक होती आणि परवाने दोन. एक हेडसाहेबांचा, वापरून वापरून कडेला फाटलेला. दुसरा त्यांच्या पत्नीचा, तेरा वर्षांनंतरही कालच छापून आणल्यासारखा कोरा.

कोरा होता म्हणजे कामाला येत नव्हता असं नाही. बँकेत खातं उघडताना तो गेला, गॅसची शेगडी घेताना गेला, टपाल कचेरीत अडकलेलं पार्सल सोडवायला गेला. तेरा वर्षांत तो परवाना सगळं शहर हिंडला. फक्त गाडीच्या स्टिअरिंगमागे तेवढा बसला नाही.

बाईंना सगळे सिस्टर म्हणत, कारण त्या मोठ्या इस्पितळात नर्स होत्या. वॉर्डात त्यांचा हात इतका हलका, की सुई टोचून झाल्यावर पेशंट विचारी, कधी टोचणार. हाच हात गाडीच्या गिअरवर मात्र जड पडतो, असं हेडसाहेबांचं मत होतं.

हेडसाहेब पाणीपुरवठा कचेरीत नळजोडणी विभागाचे प्रमुख. माणूस चांगला, आणि अडचण तीच होती. वाईट माणसाशी निदान भांडता येतं. सिस्टरची ड्यूटी पहाटेची असो की दुपारची, तेरा वर्षं त्यांनी तिला न कुरकुरता इस्पितळाच्या दारात सोडलं आणि दारातून उचललं. गाडी शिकवायला ते कधी नाही म्हणाले नाहीत. 'नंतर' म्हणाले. एकदा मात्र खरंच शिकवायला बसले होते, कचेरीमागच्या मोकळ्या मैदानात. तीन मिनिटांत त्यांनी चाळीसेक सूचना दिल्या, त्यातल्या निम्म्या उरलेल्या निम्म्यांच्या विरोधात. शेजारी बसून उजवा पाय असा दाबत राहिले, की तिथे ब्रेक नसूनही पायाखालच्या रबरी मॅटला भोक पडलं. सिस्टरनी गाडी थांबवली आणि किल्ली काढून त्यांच्या हातात दिली. 'तिला काही जमत नाही बुवा,' हे त्यांनी दुसऱ्या दिवशी कचेरीत इतक्या हळहळीने सांगितलं, की त्यांना खरंच वाईट वाटलंय असं वाटावं.

नागरिकहो, अशी घरं वर्षानुवर्षं सुखाने चालतात. हेही चाललं असतं. पण त्या आठवड्यात एक पत्र आलं.

डोंगरापलीकडे नवं आरोग्यकेंद्र निघालं होतं आणि तिथली मुख्य परिचारिका म्हणून सिस्टरची निवड झाली होती. अठरा वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या सह्यांची वाट पाहिली होती. आता सही त्यांची चालणार होती. होकार सोमवारी दुपारपर्यंत कळवायचा होता. केंद्र बावीस किलोमीटरवर. बस नाही. शेवटच्या सहा किलोमीटरला रस्ताच नाही, नुसती मातीची वाट.

हेडसाहेबांनी पत्र दोनदा वाचलं, मनापासून अभिनंदन केलं आणि विचारलं, "पण तुला सोडणार कोण?"

"मी जाईन की," सिस्टर म्हणाल्या.

"त्या वाटेवर? अगं, ती माझ्यासारख्याला अवघड."

माझ्यासारख्याला या शब्दावर ते जरा थांबले, म्हणजे सगळ्यांना त्याचं वजन कळावं. पुढे दोन दिवस घरात पत्राविषयी सगळे बोलत होते, पण एकमेकांशी नाही.

घरात तिसऱ्या होत्या त्या आत्या. हेडसाहेबांना लहानाचं मोठं त्यांनीच केलं होतं. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढल्यामुळे दुसऱ्याचं बोलणं मध्ये तोंड न घालता ऐकायची त्यांना सवय होती, आणि असा माणूस घरात धोकादायक असतो. त्यांनी पेपरातली एक जाहिरात कापून टेबलावर ठेवली. एका दिवसाची सहल: सकाळी जीपने रानवाट, दुपारी समुद्रात होडी. रविवारी तिघं जाऊ, मन मोकळं होईल, सोमवार काही पळून जात नाही, असं त्या म्हणाल्या. जाहिरातीत 'परवाना असलेल्या प्रत्येकाला जीप चालवता येईल' या ओळीखाली पेन्सिलीची बारीक रेघ होती. हेडसाहेबांना ती दिसली नाही. 'प्रत्येकाला' म्हणजे आपल्याला, असं ते वाचून मोकळे झाले होते.

रविवारी सकाळी सहलवाल्यांच्या टेबलामागे पंचावन्न वर्षांच्या, आखूड केसांच्या एक बाई बसल्या होत्या. त्यांना सगळे कॅप्टन म्हणत. बावीस वर्षं अॅम्ब्युलन्स चालवून निवृत्त झाल्या होत्या आणि त्यानंतर शहाण्या माणसाने घरी बसावं तसं न बसता हा धंदा काढला होता. त्यांनी तिघांची ओळखपत्रं मागितली. आत्यांनी पेन्शनचं कार्ड दिलं, उरलेल्या दोघांनी आपापले परवाने.

"म्हणजे गाडी दोघं चालवणार," कॅप्टन म्हणाल्या.

"छे, छे. तिचा तो ओळखीपुरता आहे," हेडसाहेब हसून म्हणाले.

कॅप्टननी परवाना उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. "असं यावर कुठे लिहिलेलं दिसत नाही."

जीपच्या स्टिअरिंगमागे अर्थातच हेडसाहेब बसले. शेजारी कॅप्टन, मागे आत्या आणि सिस्टर. हेडसाहेब गाडी बरी चालवत, पण गाडी चालवता चालवता ते गाडी चालवणं समजावूनही सांगत. खड्डा आला की खड्ड्याविषयी, दगड आला की दगडाविषयी. कॅप्टन तासभर एक अक्षर बोलल्या नाहीत. ओढ्याकाठच्या चिखलापाशी तेवढं म्हणाल्या, की इथे एकाच वेगाने, हळू जायचं, आणि पलीकडची घट्ट जमीन लागेपर्यंत थांबायचं नाही.

हेडसाहेब ऐन चिखलाच्या मध्यावर थांबले. का थांबले? मागे वळून सिस्टरना सांगायला, की बघ, अशा ठिकाणी थांबायचं नसतं.

मग जे व्हायचं ते झालं. त्यांनी अॅक्सिलरेटर दाबला, चाकं जागच्या जागी फिरली आणि जीप हातभर खाली बसली. त्यांनी आणखी दाबला. जीप आणखी बसली. नळजोडणी विभागात इतकं खोल खोदायला तीन परवानग्या लागतात.

कॅप्टननी उतरून चाकांखाली फळ्या सरकवल्या आणि म्हणाल्या, "आता मागून ढकलायला एक दणकट माणूस हवा, आणि आत एक हलका हात."

दणकट म्हटल्यावर हेडसाहेब आपोआप खाली उतरले. स्तुतीत हा धोका असतो. ते मागे जाऊन बाह्या सरसावेपर्यंत सिस्टर स्टिअरिंगमागे बसल्याही होत्या. आत्या उतरायला तयार नव्हत्या. मागच्या चाकांवर वजन असलेलं बरं, म्हणाल्या, आणि कॅप्टननी त्याला दुजोरा दिला. कॅप्टन पुन्हा शेजारच्या सीटवर बसल्या, पाय पोटाशी घेऊन, आणि सिस्टरना म्हणाल्या, सुई टोचताना जेवढं दाबता तेवढंच दाबा, आणि थांबू नका.

हेडसाहेबांच्या सूचना मागून सुरू झाल्या होत्या, पण इंजिनाच्या आवाजात त्या पुढे पोचेनात. चौथ्या सूचनेला चाकाने उडवलेला चिखल थेट तोंडात गेला आणि पाचवी सूचना झालीच नाही. जीप हलली, फळीवर चढली, चिखलातून मुंगीच्या पावलाने बाहेर आली आणि तशीच चढाला लागली. घट्ट जमीन चढाच्या माथ्यावर होती. सिस्टर थांबल्या नाहीत. मागच्या काचेतून आत्यांनी भाच्याला हात हलवून निरोप दिला.

बारा मिनिटं चालून हेडसाहेब वर पोचले, तेव्हा सिस्टर जीपच्या बॉनेटवर तळहात ठेवून उभ्या होत्या, पेशंटचा ताप बघावा तशा. त्यांचा चेहरा हेडसाहेबांनी तेरा वर्षांत पाहिला नव्हता असा होता.

"थांबायचं नाही असं सांगितलं होतं ना," त्या म्हणाल्या. "म्हणून नाही थांबले हो."

"उतार होता म्हणून जमलं," हेडसाहेब चिखल पुसत म्हणाले.

"चढ होता," मागून आत्या म्हणाल्या.

एकदा जमलं म्हणजे रोज जमेल असं नाही, हे हेडसाहेबांनी पुढच्या तीन किलोमीटरमध्ये सविस्तर मांडलं, कारण चाक पुन्हा त्यांच्या हातात होतं. सिस्टर मागे बसून खिडकीबाहेर बघत होत्या. सोमवारला एक दिवस उरला होता.

दुपारी समुद्र. पाणी निवांत होतं, डबा खाऊन पहुडल्यासारखं. किनाऱ्यावर दोन कनू होत्या. कनू म्हणजे लांबट, निमुळती, दोघांनी वल्हवायची होडी. सगळ्यांनी तरंगती जाकिटं चढवली. पुढे कोण, मागे कोण, असं कॅप्टननी विचारलं.

"पुढे मी," हेडसाहेब म्हणाले. "दिशा बघायला कुणीतरी जबाबदार नको?"

कॅप्टन काही बोलणार होत्या, पण आत्यांनी त्यांच्या कोपराला हलकेच हात लावला. मग कॅप्टननी मागे बसलेल्या सिस्टरना वल्हं कसं धरायचं, कसं तिरकं करायचं, ते दोन-तीनदा करून दाखवलं. हेडसाहेब तेव्हा जाकिटाचा पट्टा पोटावर पोचवण्यात गुंतले होते.

होडी निघाली आणि हेडसाहेबांचा दिवस सुधारला. ते 'डावीकडे' म्हणत, होडी डावीकडे वळे. 'उजवीकडे' म्हणत, होडी उजवीकडे. दोनदा तर ते म्हणायच्या आधीच वळली. कचेरीत वीस वर्षांत त्यांचं इतकं कोणी ऐकलं नव्हतं. खडकाचं टोक त्यांनी असं सफाईदार ओलांडलं, की त्यांना वाटलं, आपण चुकून पाणीपुरवठ्यात गेलो, आपली खरी जागा आरमारात होती.

टोकापलीकडे होडीखालून चंदेरी माशांचा एक थवा चालला होता. तो बघायला सिस्टरनी वल्हं मांडीवर घेतलं.

हेडसाहेब जोर लावून वल्हवत होते आणि होडी हळूहळू गोल फिरू लागली. ते डावीकडे म्हणाले. होडी उजवीकडे गेली. ते मोठ्याने डावीकडे म्हणाले. होडीने किनाऱ्याकडे तोंड केलं, मग खडकांकडे, मग पुन्हा किनाऱ्याकडे. प्रवाह आहे, ते म्हणाले. वारा आहे. होडीतच काहीतरी दोष आहे.

तोवर कॅप्टनची होडी शेजारी आली होती. तिच्यात आत्या पुढे बसून बिस्किट खात होत्या.

"दोष नाही," कॅप्टन म्हणाल्या. "होडीचं तोंड मागच्याच्या हातात असतं. पुढच्याने फक्त लय धरायची असते."

हेडसाहेबांचं वल्हं हवेत थांबलं. पाऊण तास! पाऊण तास ते पुढे बसून समुद्राला हुकूम सोडत होते, आणि होडी चालवत होती ती बाई, जिला काही जमत नाही!

कोणी हसलं नाही. आत्यांनी तर बिस्किटही चावलं नाही. कॅप्टन शांतपणे सांगू लागल्या, की अॅम्ब्युलन्सवर रुजू झाल्या तेव्हा त्यांच्या साहेबांनी फर्मान काढलं होतं, बाईच्या हातात गाडी देऊ नका, तिला सवय नाही. खरंच नव्हती. "पण सवय कुठे विकत मिळते का हो? ती चाक हातात आल्यावरच लागते. तुम्ही तेरा वर्षं यांना प्रेमाने नेलंत-आणलंत. त्यात रोज सवय झाली ती तुम्हाला. यांना नुसती वाट बघायची झाली."

हेडसाहेबांनी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. मग मागे न वळता म्हणाले, "मग मी इतका वेळ काय करत होतो?"

"वल्हवत होतात," सिस्टर म्हणाल्या. "छान वल्हवत होतात. एकटीला मला इतक्या लांब नसतं आणता आलं." मग त्या म्हणाल्या, "अहो, उद्या मी हो म्हणणार आहे. तुमची परवानगी नाही विचारत. फक्त एवढं सांगा, गाडीची किल्ली उद्यापासून घरात कुठे ठेवणार? तुमच्या खिशात, की दाराजवळच्या खिळ्यावर?"

माशांचा थवा परत आला आणि गेला.

"खिळ्यावर," हेडसाहेब म्हणाले. आणि मग त्यांनी तेरा वर्षांत पहिल्यांदा तिला विचारलं, "कुठे न्यायची होडी?"

"त्या वाळूवर."

"बरं. मी लय धरतो."

परतीच्या रानवाटेवर जीप सिस्टरनी चालवली आणि सहलवाल्यांच्या टेबलापासून घरी निघताना हेडसाहेबांनी आपल्या गाडीची किल्ली त्यांच्या हातात दिली. शेजारच्या सीटचं दार त्यांनी उघडलं, मॅटचं भोक पाहिलं, क्षणभर विचार केला, दार लावलं आणि ते मागे जाऊन बसले. पुढे आत्या बसल्या. वाटेत चौकातल्या दिव्यापाशी गाडी दोनदा बंद पडली, मागच्यांनी भोंगे वाजवले. हेडसाहेबांनी तोंड उघडलं. मग त्यात बिस्किट घातलं.

सोमवारी होकार गेला. रुजू होईपर्यंत दर रविवारी सिस्टर त्या सहा किलोमीटरच्या वाटेवर सराव करत राहिल्या. आता डोंगरापलीकडे रात्री-अपरात्री कोणी अडलं, तर मुख्य परिचारिका कोणाची वाट बघत दारात उभी राहत नाही.

तेव्हा नागरिकहो, आपापल्या घरातले खण जरा उघडून बघा. कोणाचा तरी परवाना, कोणाची पदवी, कोणाचं शिवणयंत्र तिथे ओळखीपुरतं पडलेलं असेल. येत नाही म्हणून आपण माणसाच्या हातात काम देत नाही, आणि देत नाही म्हणून त्याला ते येत नाही. दोष मात्र त्याच्या हाताला लावतो. किल्ली खिळ्यावर लावा. ते सोपं आहे. त्यानंतर गप्प बसा. ते अवघड आहे, पण जमतं.

हेडसाहेबांना जमलं आहे. रोज संध्याकाळी ते कचेरीबाहेर उभे राहतात, सिस्टर त्यांना घ्यायला येतात आणि ते मागच्या सीटवर बसून एक शब्दही न बोलता घरी पोचतात. मागच्या मॅटला भोक पडायला लागलं आहे, पण ते आपण मनावर घ्यायचं कारण नाही.