चंद्रीचा 'आ'

मित्रांनो, मी एक जुना पांढरा फळा आहे आणि माझ्या बरोबर मध्यावर एक काळं अक्षर आहे. ते पुसायला जाऊ नका! आधीच सांगून ठेवतो. आजवर थिनर झालं, नेलपॉलिश काढायचं औषध झालं, एकदा तर भांड्यांची तारेची घासणीसुद्धा झाली. मला ओरखडे पडले, अक्षर हललं नाही. दिसायला ते इंग्रजीतल्या छोट्या ए-सारखं आहे, पण ते स्पॅनिश आहे आणि त्याला 'आ' म्हणायचं.

मी टेम्पोतून राजारामपुरीत आलो तेव्हा इतका चकचकीत होतो की मुलं माझ्यात बघून भांग पाडायची. पहिली सहा वर्षं मी गणिताच्या क्लासला काढली. मग तो क्लास हलला आणि ती खोली संयोगिता मॅडमनी घेतली. त्या स्पॅनिश शिकवायच्या. कोल्हापुरात स्पॅनिश कोण शिकणार, असं मला वाटलं होतं. पहिल्याच महिन्यात दाराबाहेर चौदा चपलांचे जोड!

फळ्याचं काम काय, तर लिहून घ्यायचं आणि विसरायचं. डस्टर फिरलं की चूक आणि बरोबर मला सारखंच. शिवगंगा येईपर्यंत माझं असंच चाललं होतं.

शिवगंगा नववीतली. घरी सहा म्हशी. सकाळी गिऱ्हाइकांना दूध घालून ती तशीच क्लासला यायची, सायकलच्या कॅरिअरला रिकामी किटली खडखडत. आवाज असा की मॅडम म्हणायच्या, "जरा हळू, स्पेनला इथूनच ऐकू जाईल."

त्या आठवड्यात धडा होता माणसांच्या आणि जनावरांच्या शब्दांचा. स्पॅनिशमध्ये पुष्कळ शब्द दोघांचे वेगळे आहेत. माणसाचं तोंड 'बोका', जनावराचं 'ओसिको'.

"मॅडम, मग बोक्याचं तोंड?" मागच्या बाकावरून प्रसेनजीतनं विचारलं.

"ओसिको."

वर्ग दहा मिनिटं हसत होता. मी भिंतीवर हलत होतो.

शेवटी परीक्षा झाली. प्रत्येकानं आपल्या आवडत्या कुणाबद्दल माझ्यावर पाच वाक्यं लिहायची. तीन चुका झाल्या तर रविवारच्या बॅचला, चौथीच्या पोरांशेजारी, पहिल्या धड्यापासून बसायचं. कुणी आईवर लिहिलं, कुणी भावावर. शिवगंगानं लिहिलं चंद्रीवर. चंद्री म्हणजे तिच्या अज्जाची, आजोबांची, लाडकी म्हैस.

मॅडमनी लाल मार्कर उघडला. पहिला गोल.

"तू पायाला 'प्येर्ना' लिहिलंस. तो माणसाचा पाय. जनावराचा पाय 'पाता'. टेबलाचाही पाताच."

"टेबलाचा आणि चंद्रीचा एकच?" शिवगंगा उसळली. "दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळवत्यात तवा अज्जा मोटारसायकलवरनं नुसती हाक मारतोय, तर एवढ्या गर्दीतनं ती मागं पळत येती. टेबल येतंय काय?"

"टेबल येत नाही. शब्द मात्र तोच आहे."

दुसरा गोल. चंद्रीला दिवस गेलेत हे तिनं बाईमाणसाच्या शब्दानं लिहिलं होतं. म्हशीला 'प्रेन्यादा' म्हणायचं.

"डोहाळजेवणाला बोलव की गं!" प्रसेनजीत ओरडला.

शिवगंगा त्याच्याकडे बघून हसली. "बोलवतो. पेंड खायला ये." मग मॅडमना म्हणाली, "हे मान्य हाय. आमी बी म्हस गाभण हाय म्हणतो, गरोदर हाय न्हाय म्हणत. पाय बी मान्य."

दोन चुका झाल्या होत्या. उरलं शेवटचं वाक्य: 'क्येरो आ मी बूफाला.' माझं माझ्या म्हशीवर प्रेम आहे.

मॅडमनी तिसरा गोल केला आणि बोटानं त्यातला 'आ' पुसून टाकला. "हा 'आ' माणसांच्या आधी येतो. आईच्या आधी, मित्राच्या आधी. म्हशीच्या आधी नाही. तीन झाल्या, शिवगंगा. रविवारी ये."

शिवगंगाचे कान लाल झाले. ती दप्तर उचलेल असं मला वाटलं. तिनं उचलला मार्कर.

"मॅडम, काल मी बस बघितली. बरोबर?"

"बरोबर."

"काल मी तुमची आई बघितली. बरोबर?"

वर्गात खसखस पिकली. "आई बघितली काय! आईला बघितलं म्हण की!" प्रसेनजीतच म्हणाला.

"तेच म्हणतोय मी! बस बघितली, पण आईला बघितलं. बाजारात म्हस बघितली. पण गोठ्यात गेलो की मी चंद्री बघत न्हाय, चंद्रीला बघतो. त्यांचा 'आ' म्हंजे आपला 'ला', मॅडम. पाय टेबलाचा द्या, ओसिको द्या, काय बी द्या. माझ्या चंद्रीचा 'ला' काढायचा न्हाय. मग रविवारी बसवा न्हायतर बालवाडीत बसवा."

मित्रांनो, माझ्यावर हजारो उत्तरं लिहिली गेली. एवढ्या खड्या आवाजात कुणी उत्तर दिलं नव्हतं.

मॅडमनी कपाटातून जाडजूड व्याकरण काढलं. पानं उलटली. एका ठिकाणी बोट ठेवून दोनदा वाचलं. मग चष्मा काढला.

"जिवाभावाच्या जनावरालाही 'आ' लागतो, असं लिहिलंय इथं. आणि तो काढला तर अर्थ होतो, मला माझी म्हैस हवी आहे."

"दुकानात वही मागितल्यागत," प्रसेनजीत पुटपुटला.

"तसंच. चूक माझी झाली, शिवगंगा. तू याच बॅचला."

मॅडमनी हाताला आला तो मार्कर घेतला आणि रिकाम्या जागी 'आ' पुन्हा लिहिला. ठळक, दोनदा गिरवून. तो मार्कर खोक्यांवर नावं घालायचा होता, पक्क्या शाईचा. वर्ग सुटल्यावर बाकीचं वाक्य गेलं, लाल गोल गेले. 'आ' राहिला. पुढची दोन वर्षं मॅडम त्याला वळसा घालून लिहायच्या.

मग भिंतीवर मोठा स्क्रीन आला. बोट लावलं की अक्षरं येतात, बोट लावलं की जातात. त्याच्यावर डाग पडत नाही, याचं सगळ्यांना फार कौतुक. मला विकायचं ठरलं, म्हणून थिनर आलं, घासणी आली. 'आ' हटेना, म्हणून गिऱ्हाईक मिळेना. मी दाराआड भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. भंगारवाला आला त्याच दिवशी किटलीचा खडखडाट ऐकू आला.

"मॅडम, ह्यो फळा मला द्या."

आता मी गोठ्यात आहे. माझ्यावर कुठल्या म्हशीला कधी लस दिली ते लिहितात. पहिल्या दिवशी अज्जानं माझ्याकडे निरखून बघितलं.

"हे काय गं मधीच?"

"अज्जा, ते 'ला' हाय."

"कुणाला?"

"चंद्रीला."

"मग नीट चंद्रीला लिही की!"

लिहिलं तिनं. माझ्या 'आ'च्या पुढं, मोठ्या अक्षरांत: चंद्री.

मित्रांनो, फळा रोज पुसा, त्यात मला दुःख नाही. चुका पुसा, हट्टानं चुकीचं लिहिलेलं पुसा. पण ज्याला तुम्ही हाक मारता आणि जे तुमच्या हाकेला येतं, त्याचा 'ला' कुणी पुसायला लागलं तर शिवगंगासारखं उभं राहा, आणि पुस्तक उघडायला लावा.

काल चंद्रीनं मान लांब केली आणि आपला ओला ओसिको माझ्यावर खालपासून वरपर्यंत घासला. लशींच्या तारखा गेल्या. तिचं स्वतःचं नावही गेलं. 'आ' तेवढा राहिला.

शिवगंगानं मार्कर घेतला आणि नाव पुन्हा लिहिलं.