चौथा सुपरवायझर

आदिलाबादच्या त्या कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणारे कमी आणि देखरेख करणारे फार, आणि हजेरी ठेवणाऱ्या अर्पिताला आता त्या साऱ्यांची शिसारी आली होती. मशीन दुरुस्त करणारा फिटर दिवाळीतच काम सोडून हिंगणघाटला गेला. तेव्हापासून पट्टा सटकायचा, सरकी काढणारी जिन अडायची आणि बायका रुळांत गुंतलेला कापूस हातानं ओढून काढायच्या. एखादीचा हात जाईल, आधी फिटर आणा, म्हणून तिनं मालकांपुढं किती डोकं आपटलं!

पण मालक पडले तीन. दर हंगामाला एकानं आपला माणूस लावायचा, हा त्यांचा रिवाज. काम कुठं अडलंय हे कोणी विचारायचं नाही, नंबर कोणाचा तेवढं बघायचं. यंदा नंबर केशवरावांचा, म्हणून त्यांचा जावई भूषण आला. चौथा सुपरवायझर! आला तोच खुर्ची मागत.

"तुमी काम काय करनार?" अर्पितानं विचारलं.

"देखरेख," तो म्हणाला आणि मोबाईल चार्जिंगला लावायला जागा शोधू लागला.

मंगळवारी भर दुपारी अडलेली जिन एकाएकी सुरू झाली आणि कापूस ओढून काढणाऱ्या गयाबाईचा हात रुळात गेला. किंकाळी ऐकून चौघे सुपरवायझर धावले खरे, पण मशीन कुठून बंद करायची हे एकाही शहाण्याला ठाऊक नाही! शेवटी अर्पितानंच पळत जाऊन मेन स्विच पाडला. गयाबाईची दोन बोटं गेली. कापसावर रक्त सांडलेलं आणि भूषण नाकाला रुमाल लावून उभा. अर्पितानं तो रुमाल ओढून घेतला आणि गयाबाईच्या हाताला गुंडाळला.

गयाबाईला दवाखान्यात पोचवून अर्पिता परतली, तर ऑफिसात तिन्ही मालक बसलेले.

"बाया आयकतच नाईत, मशीनीत हात घालतेत," दुसरे मालक वामनराव म्हणाले. "त्यायच्यावर लक्ष ठेवाले एक मानूस पायजे. पुढच्या हंगामाचा नंबर माहा हाय, तो आताच लावतो."

केशवरावांनी मान डोलावली. अर्पिताच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तोंड उघडणार, तोच वामनराव गोड आवाजात म्हणाले, "पोरी, तुहा भाऊ प्रितम घरीच हाय ना? धाड त्याले उद्या."

बी.एड. करून प्रितम तीन वर्षं घरी बसला होता. आईनं त्या काळजीनं अंथरूण धरलेलं. अर्पिताच्या अगदी ओठावर 'हो' आला. छी! ही माणसं तशीच, पण आपण तरी काय वेगळ्या? तिला स्वतःचीच किळस आली. तिनं तो शब्द गिळला.

"त्याले पट्टा बसवता येत नाई," ती म्हणाली. "उद्या गयाबाईच्या जागी दुसरी बाई बसन. तिच्यासाठी फिटर घ्या."

"घेऊ ना बापा, नाई कोन मनते?" वामनराव बशीत चहा ओतत म्हणाले. "पन मले एवढं सांग, तो कोनाच्या नंबरात धराचा?"