तवंदीचा चढ

वखारीच्या दारात गोणपाटावर सतरा भाग मांडले होते: पाण्याचा पंप, त्याच्या दोन पितळी बुशी, पंखा, पंख्याचा पट्टा, तीन रबरी नळ्या, ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोचं झाकण आणि आठ प्लग. मी दोनदा मोजले.

"आनंदराव, सगळं भाईर काढलंसा," आण्णाप्पा ड्रायव्हर म्हणाला. "आता गाडीत भोंगा तेवढा ऱ्हायला बगा."

गाडी मार्तंडआप्पांची. निपाणीत त्यांच्या तंबाखूच्या वखारी होत्या, आणि ही लांबलचक विलायती गाडी त्यांनी एका संस्थानिकाच्या लिलावातून आणली होती. सपाटीवर ती वाऱ्यासारखी जायची. निपाणीच्या दक्षिणेला तवंदीचा घाट लागला, की दुसऱ्याच वळणावर तिचं पाणी उकळायचं.

मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो तो आप्पांच्या माडीवर अभ्यास करून. माझी आई त्यांच्या स्वयंपाकघरात कामाला होती. बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत मला जागा मिळाली, तेव्हा आप्पांनी देवघरासमोर बसून सांगितलं, "गाडी पाणी न उकळता तवंदी चढली, की तू मोकळा. तवर जायाचं न्हाय." न विचारता निघून जाणं मला शक्य नव्हतं. आईला तिथेच राहायचं होतं. आणि प्रयोगशाळेने जागा राखली होती ती फक्त महिनाअखेरपर्यंत.

घाट चढून तोच रस्ता पुढे बंगळूरला जातो. आम्ही दर वेळी दुसऱ्या वळणावरून परत फिरत होतो.

मी पंपाच्या झिजलेल्या बुशी बदलल्या. गाडी वखारीत उभी असल्याने रेडिएटरच्या जाळीत तंबाखूची भुकटी बसली होती, ती मागून पाणी मारून काढली. ठिणगीची वेळ नीट लावली. कागलपर्यंत फेरी मारली तेव्हा पाणी अठ्ठ्याहत्तर अंशांवर राहिलं. दुसऱ्या दिवशी घाटात, त्याच वळणावर, पुन्हा वाफ.

"गाडीला बी बीएस्सी व्हायचंय," आण्णाप्पा म्हणाला. "त्याबिगार चढायची न्हाय."

मला हसू आलं नाही. चढावर इंजिनाला जास्त काम पडतं, म्हणून उष्णता जास्त. इथपर्यंत मला कळत होतं. पण माझ्या हिशेबाने एवढी मोठी जाळी ती उष्णता सहज बाहेर टाकायला हवी होती. पाणी ओतायला मी रेडिएटरचं झाकण शोधू लागलो. त्यावर झेंडूची माळ होती. ती उचलली आणि हाताला चटका बसला. आतल्या बाजूची फुलं भाजीसारखी शिजली होती.

माळ आप्पांच्या पत्नीची, राजाबाईआक्कांची. गाडी घाटाला निघाली, की त्या ओवाळायच्या आणि माळ बांधायच्या. कागलच्या फेरीला ओवाळणी नसायची, म्हणून माळही नसायची. पहिल्या वेळी माळ एकपदरी होती. गाडी परत आल्यावर आक्कांनी तीनपदरी केली. आता ती पाचपदरी होती आणि अर्धी जाळी झाकत होती. मी सतरा भाग मोजले होते, त्यांत माळ नव्हती. रोज दिसत होती, म्हणूनच दिसली नव्हती.

आक्का ओसरीवर पुढच्या चाचणीसाठी फुलं ओवत बसल्या होत्या. या वेळी सात पदर.

"आक्का, माळ जाळीवर नको. मागे बांधूया."

"मागं? देवाला हार पाठीवर घालत्यात व्हय रं? एवढं शिकलास आन् हे काढलंस डोक्यातनं?"

"जाळीतून वारा जायला पाहिजे. हा बघा हात भाजलाय."

त्यांनी माझा हात धरून निरखला. शिजलेली फुलंही बघितली.

"म्हंजे मी जेवढं जास्त वोवलं तेवढी ती जास्त तापली?"

"व्हय."

"गाडीच्या म्होरल्या दिव्यांस्नी चालंल?"

"चालंल."

त्यांनी सुईतला दोरा तोडला आणि सात पदर मोडून दोन लहान माळा केल्या. मग म्हणाल्या, "मी बी येणार. कोण काय बोलतंय ते ऐकायला."

महिनाअखेरीला दोन दिवस होते. दोन दिव्यांना दोन माळा घालून आम्ही निघालो. आप्पा आणि आक्का मागे, मी आण्णाप्पाजवळ. दुसरं वळण गेलं. तिसरं गेलं. घाटमाथ्यावर आण्णाप्पाने गाडी थांबवली. वाफ नव्हती.

आप्पा खाली उतरले आणि बॉनेटवरून हात फिरवला. "म्हैसूरला लगीन हाय दिवाळीनंतर. हीच गाडी न्यायची. आनंदा, आता तुझ्याबिगार हिचं कुणाला कळणार हाय? तू..."

"आवो," आक्का गाडीतूनच म्हणाल्या, "देवाम्होरं बोललासा. आदी आकडा ऐका."

आप्पांनी बॉनेटवरचा हात काढला. मी झाकण उघडून थर्मामीटर पाण्यात सोडला. पारा थांबेपर्यंत थांबलो, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

ब्याऐंशी अंश.