दोन्ही माझीच

पट्टी पिवळ्यावर थांबली.

नर्सबाईंनी ती सोडली, बाळाचा दंड जरा चोळला आणि पुन्हा गुंडाळली. मापाच्या त्या पट्टीवर तीन रंग होते. हिरवा म्हणजे बाळ ठीक. पिवळा म्हणजे लक्ष द्या. लाल म्हणजे काही विचारत बसू नका, उचला आणि शहरातल्या दवाखान्यात पळा. पट्टी पुन्हा पिवळ्यावरच थांबली, आणि तीही अशी की लाल रंग शेजारीच वाट बघत उभा.

"बहिणीची हिरवी आणि ह्याची पिवळी," नर्सबाई म्हणाल्या. "जुळ्यांत थोडं कमीजास्त असतं गं. पण एवढं? एकाच ताटावर दोघं बसले, एक ढेकर देऊन उठला आणि दुसरा नुसता ताट बघून?"

धाकटीनं भोपळ्याची बाही खाली ओढली. मांडीवरच्या मिरीनं तिच्या शालीचा काठ तोंडात कोंबला होता.

"आधी कुणाला घेतेस?"

"हिला."

"नेहमी?"

"ही फार रडते, सिस्टर."

"मग रडू दे की! रडणारं पोर दणकट असतं. गप्प बसणाऱ्याची काळजी करायची." नर्सबाईंनी पट्टी खिशात टाकली. "आजपासून आधी हा. परवा पुन्हा आण. आणि तू काय खातेस? का दोघांना पाजून वर सासूलाही तुझाच घास?"

बाहेरच्या रांगेतल्या बाया हसल्या. धाकटीही हसली. एक पोर काखेत, एक खांद्यावर, अशी ती व्हरांड्यातून निघाली. छावणी झालेल्या शाळेच्या त्या व्हरांड्यात आता प्रत्येक खिडकीला कुणाचं तरी धुणं वाळत होतं. वर्गावर्गांत चादरींचे पडदे बांधून घरं पाडली होती. त्यांच्या वाट्याला फळ्याखालची जागा आली होती. फळ्यावर अर्धवट सोडवलेलं गणित तसंच होतं. पुसायला कुणाचा हात धजत नव्हता.

आधी भोपळ्या. सोपी गोष्ट होती. तिनं बसकण मारली, भोपळ्याला छातीशी घेतलं आणि मिरीला सासूबाईंकडे दिलं. मिरीनं एकदा इकडेतिकडे बघितलं, काय चाललंय ते तिच्या ध्यानात आलं, आणि तिनं असा सूर लावला की पलीकडच्या पडद्यातून आवाज आला, "अहो, कुणी मारतंय का तिला?"

आणि धाकटीचा हात आपोआप पुढे झाला. भोपळ्या सुटला, मिरी लागली. भोपळ्यानं तक्रारसुद्धा केली नाही. तो फळ्याकडे बघत राहिला.

जन्मला तेव्हा एवढा गोल होता की थोरल्या जाऊबाईंनी बघताक्षणी नाव ठेवलं होतं, भोपळ्या. महिन्याभरानं त्यांना मुलगी झाली, इवलीशी आणि तिखट, तेव्हा धाकटीनं फेड केली: मिरी. घरी तीच नावं चालली. छावणीत मात्र सासूबाईंनी मिरीचं नाव बंद केलं होतं. लोकांसमोर ती छकुली.

गाव सोडून पळताना पुलाजवळ ट्रक उभा होता, तिथं ही सगळी गोष्ट सुरू झाली. आधी म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या, असं कुणीतरी ओरडत होतं. सासूबाई चढल्या, भोपळ्याला पोटाशी बांधून धाकटी चढली. खालून जाऊबाईंनी मिरीला वर केलं. "धर गं हिला, आलेच मी." धाकटीनं धरलं. जाऊबाईंचा एक पाय चाकावर, एक हात फळीवर होता. मागे काहीतरी फुटलं, माणसांचा लोंढा आला, आणि ट्रक निघाला. फळीवरचा हात दिसेनासा झाला. एवढंच.

छावणीच्या दारात विचारलं गेलं, बाळं कुणाची? धाकटी तोंड उघडते तोवर सासूबाई म्हणाल्या, "हिचीच. जुळी आहेत."

कारण होतं. थोरला मुलगा गावात पावाची भट्टी चालवायचा. बंदुकवाले माणसं गोळा करायला आले तेव्हा तो मागच्या दारानं निघून गेला, तो गेलाच. जे पळाले त्यांच्या बायकापोरांना ते लोक शोधत होते. पोर हाती लागलं की बाप आपोआप चालत येतो, हे त्यांना ठाऊक होतं. धाकटीचा नवरा दूर जहाजावर कामाला. त्याच्यामागे कुणी नव्हतं. म्हणून मिरी त्याची झाली.

"दोन्ही माझीच," धाकटीनंही सांगितलं होतं. खोटं बोलताना जीभ अडखळली नाही, याचं तिलाच नवल वाटलं. पण ज्या दिवशी ती दोघांची आई झाली, त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच हिशेब बसला. आपलं पोर आपलं आहे, त्याला कमी पडलं तर आपण आपल्याला माफ करू. दुसऱ्याची ठेव मात्र तिळभर घटता कामा नये. उद्या जाऊबाई समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, माझं लेकरू वाळवलंस? तर तोंड कुठे लपवायचं? म्हणून आधी मिरी. पोटभर मिरी. मग उरलंसुरलं भोपळ्या.

आणि जाऊबाई म्हणाल्याच असत्या, यात शंका नव्हती. त्यांची जीभ म्हणजे नुकती धार लावलेली सुरी. शेवटचे कितीतरी दिवस दोघींचं बोलणं बंद होतं. गिऱ्हाइकांनी भरलेल्या भट्टीत त्या म्हणाल्या होत्या, "आज पाव धाकटीनं मळलेत, मीठ घरून आणा." सगळे खो खो हसले. त्या दिवसापासून धाकटीनं घरातल्या घरात अबोला धरला होता; गावाला त्याचा पत्ता नव्हता. "धर गं हिला" हे इतक्या दिवसांनंतरचं पहिलं वाक्य.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगेवाला आला. हरवलेल्या माणसांची गाठ घालून देणाऱ्या संस्थेचा हा माणूस पूर्वी बस कंडक्टर होता, आणि अजूनही वर्गात शिरताना "पुढे सरका, पुढे सरका" म्हणायचा. नावं पुकारायची नाहीत असा त्यांचा नियम. नावामागे चांगली माणसं येतात तशी वाईटही येतात. म्हणून तो नुसत्या खुणा सांगायचा.

"ऐका हो! एक बाई शोधतेय. उजव्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग. बरोबर होती सासू, धाकटी जाऊ आणि अंगावर पिणारी दोन पोरं, एक मुलगा, एक मुलगी. ट्रकमध्ये चुकामूक झालेली. आहे कुणी?"

शालीखाली दोन्ही पोरं होती. धाकटीनं दोघांना जवळ ओढलं. भट्टीच्या दाराला लागून भाजलेलं ते मनगट तिनं स्वतः खोबरेल लावून बांधलं होतं.

ती उठायच्या आत सासूबाई पडद्याच्या तोंडाशी उभ्या. "आमच्याकडे जुळी आहेत, बाबा."

"जुळी? मग तुम्हाला शोधायला कोण येणार आजी, दोघांच्या रडण्यानं तुम्हीच पळून जाल!" भोंगेवाला हसला आणि पुढच्या वर्गात गेला. "पुढे सरका..."

"आई!" धाकटीनं त्यांचा पदर ओढला. "आई, त्या ताई होत्या!"

"हळू बोल. कशावरून?"

"मनगट, आई. मनगटावरचा डाग."

"तो डाग सगळ्या गावानं बघितलाय. पाव घ्यायला सगळेच यायचे, बंदुकवालेही यायचे." सासूबाईंनी पडदा ओढून घेतला. "थोरलीच विचारतेय हे कोण सांगणार? का तिला धरून बसवलंय आणि तिच्या तोंडून वदवून घेतायत? माझा एक मुलगा रानोमाळ आहे. त्याची एवढीशी खूण माझ्यापाशी उरलीय. ती मी भोंग्याच्या हाती देऊ?"

म्हातारी वेडी नव्हती. तिनं जे बघितलं होतं त्यावरून ती बोलत होती. पण त्या दिवशी धाकटीचा पाय एका जागी ठरेना. नळावर गेली, घागर न भरताच परत आली. धुतलेली लंगोटी पुन्हा धुतली. व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घातल्या. शेवटी एक म्हातारा म्हणाला, "सूनबाई, जरा बसा हो, तुम्हाला बघून मला चक्कर येतेय."

बसली की ऐकू यायचं: धर गं हिला, आलेच मी. आणि उठली की वाटायचं, कुणीतरी आत्ता, या घडीला, कुठल्यातरी दुसऱ्या शाळेच्या व्हरांड्यात अशाच फेऱ्या घालतंय.

परवाचा दिवस उजाडला. सकाळी तिनं भोपळ्याला आधी घेतलं. मिरी किंचाळत होती, आज धाकटीनं दात आवळून हात आवरला. पण भोपळ्यानं दोन घोट घेतले आणि तोंड फिरवलं. ओढायचा जोरच त्याच्यात नव्हता. रडलाही नाही. गप्प बसणाऱ्याची काळजी करायची, असं नर्सबाई म्हणाल्या होत्या.

ती उठली. दोन्ही पोरं उचलली.

"कुठे?" सासूबाईंनी विचारलं.

"पट्टी लावायला."

"फक्त पट्टीच ना?"

"आई, एकीला वाचवायला मी एकाला उपाशी ठेवतेय. दोघांपैकी एकाची आजी व्हायचं असेल तर थांबवा मला."

सासूबाईंनी थांबवलं नाही. चप्पल शोधू लागल्या.

नर्सबाईंनी सगळं ऐकून घेतलं. ऐकता ऐकता पट्टी भोपळ्याच्या दंडाला लावली, बघितली, अजून पिवळ्यावरच होती, आणि मुठीत मिटून घेतली. मग त्या भडकल्या.

"मी इतके दिवस डोकं खाजवतेय, आणि तुम्ही दोघी! अगं, जिची आई जवळ नाही तिच्यासाठी पावडरच्या दुधाचे डबे पडलेत आत! पहिल्याच दिवशी मिळाला असता. आणि आई नाही म्हणून पोर न्यायला आम्ही काय कोल्हे आहोत? आजी आणि काकू असताना कोण नेणार तिला?" सासूबाईंकडे वळून त्या जरा नरमल्या. "तुमचं भय खोटं नाही, आजी. पण इथं माझ्याशी तरी बोलायचं होतंत."

"कुणाशी बोलायचं ते कळायचं बंद झालंय, बाई," सासूबाई म्हणाल्या.

भोंगेवाल्याला बोलावणं गेलं. तो भोंगा न घेता आला, म्हणून जरा लहान दिसत होता. त्यानं समजावलं: तुम्ही कुठे आहात हे तिकडे सांगितलं जाणार नाही. ती कुठे आहे हे तुम्हाला सांगितलं जाणार नाही. आधी ओळख पटवायची. "असा प्रश्न द्या ज्याचं उत्तर फक्त तिलाच येईल. गावाला माहीत असलेलं काही नको."

धाकटीनं विचार केला. "विचारा, मी त्यांच्याशी का बोलत नव्हते?"

"भांडण?" भोंगेवाल्याचे डोळे चमकले. "झकास. भांडण कुणी विसरत नाही."

उत्तर काय यायला हवं तेही तिनं सांगून ठेवलं: पावात मीठ नाही, असं त्या म्हणाल्या होत्या.

त्यानंतरचे तास कसे गेले ते तिचं तिलाच ठाऊक. मिरीला वाटी-चमच्यानं पावडरचं दूध पाजायला नर्सबाईंनी शिकवलं. अर्धं पोटात, अर्धं गळ्यात, थोडं सासूबाईंच्या बाहीवर. भोपळ्याला एकट्याला सबंध आई मिळाली. तो थोडं प्यायचा, झोपायचा, जागा होऊन पुन्हा थोडं प्यायचा. धाकटी दर वेळी पडद्याकडे बघायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी भोंगेवाला आला. चेहरा पडलेला.

"नाही जमत," तो म्हणाला. "तिच्या उत्तरात मीठही नाही आणि पावही नाही."

सासूबाईंनी धाकटीकडे रोखून बघितलं.

"काय म्हणाल्या पण?"

"बाई भलतीच खमकी आहे. आमच्या तिकडच्या माणसाला म्हणाली, 'ती माझ्याशी बोलत नव्हती? हॅट्! अबोला तिचा नव्हताच, माझा होता! माझ्या लेकीला मिरी म्हणाली, तिखट म्हणाली, म्हणून मी बोलणं टाकलं होतं. तिला अजून पत्ता नाही का?' आता ही मिरी कोण? तुमची तर छकुली ना?"

मग सासूबाईंच्या तोंडून एक आवाज निघाला. धाकटीला आधी वाटलं, त्या रडतायत. त्या हसत होत्या. तोंडावर हात दाबून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी काढत.

"हीच ती! अबोल्यावरसुद्धा हक्क सांगणारी दुसरी कोण असणार जगात? हीच माझी थोरली!" मग एकदम थांबून, "कुणी शेजारी उभं राहून वदवून घेत असतं, तर एवढ्या तोऱ्यात बोलली नसती. लाव बाबा. लाव फोन."

भोंगेवाल्यानं फोन लावला. बराच वेळ नुसती खरखर आली. मग ती खरखर फाडत आवाज आला.

"कोण? धाकटी का?"

"ताई..."

"मिरी?"

"आहे. मांडीवरच आहे. हिरवी पट्टी आहे तिची, ताई, एक गुंजभर घटली नाही." हे धाकटीनं एका दमात सांगितलं.

पलीकडून दोन-तीन श्वास ऐकू आले. रडण्याचे असावेत, पण जाऊबाई रडल्या तर तसं कुणाला कळू द्यायच्या नाहीत.

"आणि भोपळ्या?"

"बरा आहे."

"खोटं. तुझ्या आवाजाला मीठ नाही. माझीला आधी पाजलंस ना? मूर्ख. मला माहीत होतं. रोज इथं बसून वाटायचं, ही बावळट माझीला आधी पाजणार."

सासूबाईंनी फोनला कान लावला होता. तिघींचे श्वास एकात एक मिसळले होते.

"आता मिरी डब्याचं पिते," धाकटी शेवटी म्हणाली. "वाटीनं. तुम्ही कधी येणार?"

"रस्ता उघडला की. कधी उघडेल ते इथं कुणाला माहीत नाही. रोज उद्या म्हणतात." जाऊबाईंचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "माझं अजून येतं गं दूध. सकाळ-संध्याकाळ पिळून मातीत टाकते. सगळे म्हणतात, कशाला, आटू दे, त्रास कमी होईल."

बाहेर कुणीतरी बादली ओढत गेलं. मिरीनं फोनकडे हात टाकला. धाकटीनं फोन दोन्ही हातांनी धरला, ट्रकवर मिरीला धरलं होतं तसा.

"आटू देऊ नका, ताई," ती म्हणाली. "ऐकताय ना? कुणी काही म्हणो. आटू देऊ नका."